ससा ‘आक्रमक’ आहे : हे निरीक्षण की निष्कर्ष?

“ताई, आमचा ससा लय आक्रमक झाला. पिंजऱ्यात हात घातला की अंगावर धावून येते.”

प्राण्यांच्या वर्तनावर पीएच.डी. करते म्हटल्यावर असे प्रश्न मला येतातच. कधी मलकापूरहून, कधी नांदुऱ्याहून, कधी अगदी शेजारच्या गल्लीतून. आज या प्रश्नाचं उत्तर लिहायचं आहे, पण फक्त ससा पाळणाऱ्यांसाठी नाही. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत, संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेत आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलेत, त्यांच्यासाठी मुख्यतः. कारण वरच्या दोन वाक्यांत संशोधन पद्धतीचा पहिला धडा आहे.

दुसरं वाक्य आधी बघा. ‘पिंजऱ्यात हात घातला की अंगावर धावून येते.’ हे निरीक्षण. काय घडतं ते त्यात आहे, कधी घडतं तेही आहे, आणि शेजारी बसलेल्या माणसालाही ते तसंच दिसेल. आता पहिलं वाक्य. ‘आक्रमक झाला’ हा निष्कर्ष. ससा काय करतो हे त्यात नाही, त्याच्याबद्दल आपलं काय मत झालं ते आहे. गंमत म्हणजे लोक सांगताना निष्कर्ष आधी सांगतात आणि निरीक्षण नंतर, आणि निर्णय मात्र निष्कर्षावरच घेतात. हा निर्णय पुष्कळदा एकच असतो : ससा रानात सोडून देणे.

इथे आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मराठीत दोन वेगळ्या प्राण्यांना एकच शब्द आहे, ससा. ज्ञानगंगा अभयारण्यात किंवा लोणारच्या आसपास माळावर संध्याकाळी उड्या मारत जाताना दिसतो तो रानससा, लेपस नायग्रीकॉलिस. तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो, बहुतेक एकटा राहतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडेच जन्मतात. बाजारातून आपण आणतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा वेगळाच : ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. तो बिळात, टोळीने राहणारा प्राणी, आणि त्याची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. दोघांचं कूळ एक, पण वंश म्हणजे जीनस निराळा, त्यांचा संकर होत नाही. ‘सशाला रानात सोडलं, आपल्या घरी गेला’ असं म्हणणारा माणूस खरं तर पाळीव प्राण्याला कुत्र्यांच्या आणि मे महिन्यातल्या उन्हाच्या हवाली करून आलेला असतो. रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतो, त्याला पाळता येत नाही. पाळीव सशाला रानात जगता येत नाही. शब्द एक असला म्हणून दोघांची जागा बदलता येत नाही.

तर मूळ मुद्दा. पाळीव ससा बिळात, टोळीने राहणाऱ्या प्राण्याचा वंशज आहे हे कळलं की त्याचं ‘आक्रमक’ वागणं निम्मं उलगडतं. टोळीत राहणाऱ्याला हद्द असते, वरचा-खालचा क्रम असतो, आणि दोन्ही सांभाळावं लागतं. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संस्थेत रोमन मिकिटोविच यांनी सशांच्या हद्दीवर कित्येक वर्षं काम केलं. १९६८ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी ते सोप्या भाषेत मांडलंही. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. तो वस्तूंवर हनुवटी घासत फिरतो ते लाडाने नाही, ‘हे माझं’ असं लिहून ठेवायला. टोळीतला वरचा नर हे जास्त वेळा करतो. आता विचार करा, तुमचा ससा ज्या पिंजऱ्यात राहतो त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर त्याने सही केलेली आहे, आणि तुम्ही रोज सकाळी त्यात हात घालून ती पुसता. त्याच्या बाजूने बघितलं तर धावून कोण आलं?

‘का’ हा एक प्रश्न नाही

वर्तनशास्त्रात प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाने निको टिनबर्गन यांचा १९६३ चा लेख वाचावाच. (याच टिनबर्गन यांना १९७३ साली लॉरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं.) त्यांचं म्हणणं असं की प्राणी असं का वागतो, या एका ‘का’त चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. आत्ता, या क्षणी हे वागणं कशाने सुरू झालं? या प्राण्याच्या आयुष्यात ते कसं घडत गेलं? त्याचा त्याला उपयोग काय? आणि त्या जातीच्या इतिहासात ते आलं कुठून? चारही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. तोंडी परीक्षेत दोन विद्यार्थी भांडतात की ‘ससा हार्मोन्समुळे चावतो’ की ‘हद्दीसाठी चावतो’, तेव्हा बहुतेकदा ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

घरात बसलेल्या माणसाला मात्र पहिला प्रश्न सगळ्यात कामाचा. या क्षणी काय घडलं?

इथे सशाच्या शरीराबद्दल दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मागचं-वरचं जवळजवळ सगळं दिसतं. पण अगदी नाकासमोर आणि हनुवटीखाली एक पट्टा असा की तिथलं दिसतच नाही. आपण प्रेमाने बोटं नेतो ती नेमकी तिथे, नाकापुढे. लाल डोळ्यांच्या सशाची नजर तर आणखी अधू असते. तो मान डावी-उजवीकडे डोलवून अंतराचा अंदाज घेतो, आणि घरचे म्हणतात, ‘बघा कसा डोलतोय’. दुसरी गोष्ट, तो भक्ष्य आहे. वरून येणारी सावली आणि पाय जमिनीवरून सुटणं, या दोन्हींचा त्याच्या इतिहासात एकच अर्थ आहे : घार किंवा कोल्हा. म्हणून उचलताना तो लाथा झाडतो, आणि त्या झाडण्यात स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो, इतकी त्याची मागची ताकद जास्त आणि हाडं हलकी.

तिसरी गोष्ट वयाची. चार-सहा महिन्यांत ससा वयात येतो. नर पायांभोवती गोल-गोल फिरतो, घुमल्यासारखा आवाज काढतो, लघवीचे फवारे मारतो. मादी पिंजऱ्याची राखण करू लागते. तिला कधी कधी आभासी गर्भधारणा होते. नराशी खरा संबंध न येताही ती सोळा-अठरा दिवस गाभण असल्यासारखी वागते, स्वतःच्या अंगाचे केस उपटून घरटं करते आणि जवळ येणाऱ्याला ओरबाडते. खरी गाभण राहिली तर साधारण ३१ दिवस. बाजारात ‘जोडी’ म्हणून जे दिलं जातं ते नर-मादीच असेल याची खात्री नसते. पिल्लांचं लिंग ओळखणं सोपं नाही. दोन नर निघाले तर वयात आल्यावर एकमेकांना फाडतात, अगदी शब्दशः.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : वेदना. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. चोथ्याचं गवत कमी आणि बिस्किटं, पोळी, दाणे जास्त असं चाललं की दाढा नीट झिजत नाहीत, त्यांना टोकं येतात आणि ती जिभेत-गालात रुततात. तारेच्या तळावर ओलं राहिलं की पायाचे तळवे फुटतात. भक्ष्य असलेला प्राणी दुखणं लपवतो. तो कण्हणार नाही, हात लावला की चावेल. आजवर शांत असलेला ससा एकाएकी ‘आक्रमक’ झाला, तर पहिली भेट पशुवैद्याची, वर्तनाचा विचार नंतर. त्यातही ससा दिवसभर काही खात नसेल तर वाट बघूच नका, ती तातडीची गोष्ट आहे. घरातली माणसांची गोळी अर्धी करून देणं हा तर उपाय नव्हेच.

वर्तनसूची : कंटाळवाणी, पण हिच्याशिवाय पुढे जाता येत नाही

आता तुमचा भाग. समजा, जिल्ह्यातल्या पाळीव सशांच्या आक्रमकतेवर तुम्हाला छोटा अभ्यास करायचा आहे. सुरुवात ‘आक्रमकता’ हा शब्द बाजूला ठेवण्यापासून. त्याऐवजी एक वर्तनसूची करायची, जिला एथोग्राम म्हणतात. कान पूर्ण मागे टेकले. शेपटी उभी झाली. गुरगुरला. पुढचे पाय उगारून झेप घेतली. पंजा मारला. दात लागले पण रक्त नाही. दात लागले, रक्त आलं. मागच्या पायाने जमीन ठोकली. प्रत्येकाची व्याख्या अशी लिहायची की तुमच्या धाकट्या भावालाही तेच दिसावं. ‘रागाने बघितलं’ यात बसत नाही.

कान मागे टेकण्याचंच उदाहरण घ्या. आरामात पसरलेला ससाही कान मागे टाकतो. मग फरक कसा करायचा? अंग सैल की ताठ, शेपटी खाली की वर, हे सोबत नोंदवावं लागतं. अशा किरकोळ वाटणाऱ्या फरकांवर माझ्या मते अभ्यासाचा अर्धा जीव अवलंबून असतो. पडताळा म्हणून एकच चित्रफीत दोघांनी वेगवेगळी नोंदवायची आणि जुळणी काढायची. त्यासाठी कोहेन यांचा कप्पा, १९६० पासून वापरात असलेलं माप, पेटच्या अभ्यासक्रमात तुम्ही वाचलंच असेल. दोघांचं जुळत नसेल तर दोष बहुधा सशाचा नसतो, व्याख्येचा असतो.

मग कधी बघायचं हा प्रश्न. ‘काही विशेष घडलं की लिहू’ असं ठरवलं तर वहीत फक्त चावे येतील. जिथे ससा निवांत होता ते तास कोरे राहतील आणि वही वाचणाऱ्याला वाटेल हा प्राणी दिवसभर चावतच असतो. मालकांच्या आठवणीत नेमकं हेच होतं. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली ‘बिहेवियर’ या नियतकालिकात निरीक्षणाच्या पद्धतींवर लिहिलेला लेख याच दुखण्यावरचा आहे, आणि आजही तो वाचावा लागतो. सोपा मार्ग म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेला कालावधी, एकाच प्राण्यावर नजर. ससा पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतो, दुपारी झोपतो, त्यामुळे फक्त कॉलेजातून आल्यावर चार वाजता बघितलं तर झोपेतून उठवलेला ससाच दिसेल.

आणखी एक खड्डा. एकाच सशाची चाळीस निरीक्षणं म्हणजे चाळीस ससे नव्हेत. एन बरोबर चाळीस असं लिहून टी-चाचणी लावलेले प्रबंध-आराखडे आजही दिसतात. हर्लबर्ट यांनी १९८४ साली याला छद्म-पुनरावृत्ती म्हटलं. चाळीस ससे नसतील तर नसतील. एका सशाचा अभ्यास हा एका सशाचा अभ्यास म्हणून मांडायला काहीच हरकत नाही, त्याची वेगळी, चांगली पद्धत आहे. तिच्याकडे येतेच.

मे महिन्याचा पेच

समजा, तुमच्या नोंदींत दिसलं की खामगाव-शेगाव पट्ट्यातले ससे मे महिन्यात जास्त झेपा घेतात. पहिलं स्पष्टीकरण तोंडावर येतं : ऊन. घाटाखाली पारा बेचाळीसच्या वर जातो, सशाला नीट घाम येत नाही, कानांतून जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढीच, आणि तिशीच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. पटतं ना? लगेच पटतं, म्हणूनच थांबायला हवं. उन्हाने बेजार ससा खरं तर सुस्त पडून राहतो. मग तो झेप का घेईल?

मे महिन्यात आणखी काय बदलतं? शाळेला सुट्टी. मुलं दिवसभर घरी, मामाच्या गावाला आलेली आणखी चार, आणि सगळ्यांना ससा मांडीवर हवा. म्हणजे हात घालण्याची संख्याच वाढली. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत आणलेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू मे येईपर्यंत वयात आलेलं असतं. ऊन, मुलं आणि वय, तिन्ही एकाच महिन्यात येऊन बसली. याला कन्फाउंडर म्हणतात, आणि पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हे उदाहरण लक्षात राहील असं मला वाटतं.

सुदैवाने आपल्या जिल्ह्याचा भूगोल इथे मदतीला येतो. बुलढाणा शहर घाटावर, तिथला मे खामगावपेक्षा सौम्य. सुट्टी मात्र दोन्हीकडे एकच. सुट्टीत दोन्हीकडे झेपा सारख्याच वाढल्या तर उन्हाची बाजू लंगडी पडते. मुलांचा परिणाम बघायचा तर दिवाळीची सुट्टी आहे, तेव्हा ऊन नसतं. वयासाठी दिवाळीऐवजी दुसऱ्या महिन्यात आणलेले ससे शोधायचे. आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा : झेपांची नुसती संख्या न मोजता, दर दहा वेळा हात घातला तेव्हा किती वेळा झेप, असं मोजायचं. भाजक बदलला की कधी कधी अख्खा शोध विरघळून जातो. घाटावरची आणि घाटाखालची घरं फक्त तापमानातच वेगळी असतात असंही नाही, हे मर्यादांच्या प्रकरणात लिहावं लागेल.

शांत करणं म्हणजे गृहीतक तपासणं

आता खरा उपाय. ससा झेप घेतो, आपण दचकून हात मागे घेतो. त्याला जे हवं होतं ते मिळालं, धोका गेला. पुढच्या वेळी तो लवकर झेप घेईल. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि नेटवाले याची व्याख्या शिक्षेशी हमखास गल्लत करून लिहितात. इथे सशाला कोणी शिक्षा करत नाहीये, तो शिकतोय. शिकवणारे आपण आहोत. मारलं, नाकावर टिचकी दिली, पाणी शिंपडलं तर हात म्हणजे धोका हे त्याचं गृहीतक आपणच सिद्ध करून देतो.

म्हणून उलट करायचं. पिंजरा साफ करायचा तो ससा बाहेर असताना. हात समोरून किंवा वरून न नेता खालच्या पातळीवर, बाजूने, त्याला दिसेल असा. जमिनीवर बसायचं आणि त्यालाच येऊ द्यायचं. कोथिंबिरीची काडी, हरळी, असं काहीतरी हाताजवळ ठेवायचं, म्हणजे हात दिसला की चांगलं काही येतं हा नवा संबंध तयार होतो. (बांधावरचं गवत आणणार असाल तर शेजारच्या कपाशीवर-सोयाबीनवर फवारणी झालीय का ते आधी विचारा.) झेप घेतलीच तर जाड बाहीचा हात हिसका न देता जागेवर स्थिर. लपायला एक खोका, ज्याला दोन तोंडं. दात लागून रक्त आलं असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, ते वेगळं सांगायला नको.

मोबाईलवर एक युक्ती फार फिरते : सशाला उताणा केला की तो निपचित पडतो, ‘संमोहित’ होतो. तो शांत झालेला नसतो. ॲन मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हेच तपासलं आणि ही अवस्था भीतीची असल्याचं मांडलं. पकडल्या गेलेल्या भक्ष्याचा तो शेवटचा डाव. हालचाल थांबली म्हणजे शांतता आली, ही मोजमापाची चूक आहे. वर्तनसूचीत ‘निश्चल’ आणि ‘विसावलेला’ या दोन वेगळ्या नोंदी का लागतात ते इथे कळतं.

पिल्लूपणाचा भागही मोठा आहे. हंगेरीतल्या पोंग्राट्झ आणि आल्टबॅकर यांनी १९९९ साली दाखवलं की जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात माणसाचा हात लागलेली पिल्लं पुढे माणसाला कमी घाबरतात, पण हात कधी लागला याला महत्त्व आहे. ससीण दिवसातून एकदाच, काही मिनिटं पाजते. त्या पाजण्याच्या वेळेच्या आसपास हाताळलेल्या पिल्लांवर परिणाम झाला, एरवी तितकंच हाताळून तसा झाला नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. ‘लहानपणी हाताळा’ एवढंच लिहिलं असतं तर ती आजीबाईची सूचना झाली असती. वेळ हे चल वेगळं काढलं म्हणून तो शोध झाला. बाजारातून आणलेल्या पिल्लाचा तो आठवडा आपल्या हातात नसतो, हे मात्र खरं.

वयात आलेल्या सशाच्या बाबतीत नसबंदीचा प्रश्न येतोच. हद्दीसाठीचं आणि माजाचं वागणं तिने बरंच उतरतं, मात्र लगेच नाही, काही आठवडे लागतात. नर तर शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे पिल्लं देऊ शकतो. मादीच्या गर्भाशयाचा कर्करोग वयाबरोबर बराच आढळतो, तोही टळतो. पण सशाला भूल देण्याचा अनुभव प्रत्येक दवाखान्यात असेल असं नाही. आपल्याला जवळची मोठी जागा म्हणजे अकोल्याची पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था; तिथे किंवा कुठेही, आधी विचारा की सशांच्या किती शस्त्रक्रिया केल्यात, आणि शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायला सांगतात का. ससा ओकू शकत नाही, त्याला कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं कारण नाही. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ काही सांगून जातं.

आता मगाशी राहिलेली पद्धत. एका सशावर अभ्यास करायचा तर आधी आठ-दहा दिवस काही न बदलता नोंदी, मग एक बदल, मग पुन्हा नोंदी. पुस्तक सांगतं की बदल काढून घेऊन वागणं परत पूर्वीसारखं होतं का बघा, म्हणजे पुरावा पक्का. इथे मी पुस्तकाच्या विरोधात आहे. निवळलेल्या सशाला पुन्हा घाबरवून मिळवलेला पुरावा मला नको. त्यापेक्षा तीन-चार घरं घ्या आणि तोच बदल प्रत्येक घरात वेगळ्या आठवड्यात सुरू करा. ज्या त्या घरात बदलानंतरच झेपा कमी झाल्या तर योगायोग म्हणणं कठीण जातं, आणि कुणाला मागे न्यावं लागत नाही.

घरातल्या माणसांना मात्र सगळं एकदम बदलायचं असतं : खोका, गवत, जागा, डॉक्टर, सगळं उद्याच. त्यांचं चूक नाही, हात त्यांचा सोललेला असतो. दुखणं असल्याचा संशय असेल तिथे तुमचा आराखडा गुंडाळून ठेवा आणि ससा दवाखान्यात न्या. तो ससा तुमच्या तक्त्यातून वगळला जाईल, इतकंच. आणि हे काम प्रबंधासाठी करणार असाल तर नुसतं निरीक्षण आहे म्हणून परवानगीचा विचार टाळू नका. प्राण्यांवरील प्रयोगांची देखरेख १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची समिती करते, आणि संस्थेत तिची नैतिकता समिती असते. तुमच्या अभ्यासाला औपचारिक मंजुरी लागते की नाही हे त्या समितीलाच लेखी विचारा, मालकाची लेखी संमती घ्या, आणि संमतीपत्रात एक ओळ घाला : अभ्यास संपल्यावर ससा नको झाला तर रानात न सोडता आम्हाला कळवाल.